मदत हवी आहे: ट्रेल कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून हरणे आणि लांडगे यांच्या संख्येची तुलना कशी करावी?

उत्तरवारा

नमस्कार. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागातील जंगलात आमच्या निसर्गगटाने लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यांच्या (समोर जनावर आले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंची वर्गवारी पूर्ण झाली आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे फोटो काही हजार आहेत आणि लांडग्यांचे शंभराच्या आसपास. या आकड्यांवरून एका लांडग्यामागे किती हरणे आहेत हे प्रमाण काढण्याचे सूत्र मला हवे आहे.

महिनाअखेरीस गावातील शिकारी, जमीनमालक आणि आमचा गट यांची एकत्र बैठक आहे. तिथे दरवर्षी एकच वाद होतो: लांडग्यांनी हरणे संपवली असे एक बाजू म्हणते, हरणे कडक हिवाळ्यामुळे कमी झाली असे दुसरी म्हणते, आणि दोन्ही बाजूंकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यापलीकडे पुरावा नसतो. या वेळी आमच्याकडे फोटो आहेत, तेव्हा आकडा मांडलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. नेटवर शोधले तर एक तर कॅमेऱ्यांच्या जाहिराती सापडतात किंवा पानेच्या पाने गणित. कोणी सोप्या शब्दांत सूत्र सांगेल का? कृपया लवकर सांगावे.

संख्याविचार

सूत्र सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. कॅमेरे किती आहेत आणि एकमेकांपासून किती अंतरावर आहेत? कोणत्या महिन्यांत चालू होते? ते वाटेवर लावले आहेत की झाडीत? जमिनीपासून किती उंचीवर? समोर मका, मीठ किंवा वास येणारे काही ठेवले होते का? आणि तुम्ही ‘एक फोटो’ कशाला म्हणता? एक हरीण कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटे चरत राहिले आणि वीस फोटो निघाले, तर तुमच्या मोजणीत ती वीस हरणे होतात की एक?

माळरान

मी सोलापूर जिल्ह्यातला. नान्नज परिसरातील माळावर लांडगे आणि काळवीट दोन्ही पाहत मोठा झालो, म्हणून लिहितो. कॅमेऱ्यांवर इतके विसंबण्याऐवजी पाणवठ्यावरची गणना करा. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्रत्येक जनावर नोंदवतात. एका रात्रीत हरणे किती आणि शिकारी प्राणी किती, हे समोर दिसते आणि गावकऱ्यांनाही ते पटते, कारण त्यांच्यापैकीच काही जण मचाणावर बसलेले असतात.

डुलुथकर

माळरान, गावकऱ्यांना मोजणीत सामील करून घेण्याचा तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण पाणवठ्याची पद्धत इथे लागू पडत नाही. वैशाखाच्या उन्हात पाणी मोजक्या ठिकाणी उरते, म्हणून जनावरे तिथे गोळा होतात. मिनेसोटात दहा हजारांहून अधिक तळी आहेत, शिवाय दलदली, ओढे आणि बीव्हर या बांध घालणाऱ्या मोठ्या कृंतकांनी अडवलेले पाणी आहेच. हरणाला पाण्यासाठी कुठे जावेच लागत नाही, ते जिथे असेल तिथे पाणी असते. आणि हिवाळ्यात तर सगळे गोठलेलेच असते.

उत्तरवारा

प्रश्न सूत्राचा होता, तरी तपशील देते. कॅमेरे बारा आहेत. लाकूडतोडीसाठी पूर्वी पाडलेल्या आणि आता वापरात नसलेल्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला, साधारण गुडघाभर उंचीवर लावले आहेत. दोन कॅमेऱ्यांमध्ये दोन-तीन किलोमीटर अंतर आहे. सप्टेंबर ते मार्च अशी सलग दोन वर्षे ते चालू होते. समोर आमिष काहीही ठेवलेले नव्हते. फोटो म्हणजे फोटो. कार्डात जितके निघाले तितके मोजले. कॅमेरे रस्त्याच्या कडेलाच लावणार ना, डिसेंबरात कमरेएवढ्या बर्फातून झाडीत शिरून बॅटऱ्या कोण बदलणार?

संख्याविचार

धन्यवाद. आता उत्तर देता येईल, आणि ते तुम्हाला हव्या असलेल्या सूत्रापेक्षा लांब आहे. तरी कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण बैठकीत तुमचा आकडा कोणी खोडून काढू नये अशी माझीही इच्छा आहे.

फोटोंची संख्या आणि जनावरांची संख्या यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते: ते जनावर कॅमेऱ्यासमोर येण्याची आणि आल्यावर टिपले जाण्याची शक्यता. ही शक्यता दोन प्राण्यांची सारखी असती, तर फोटोंचे प्रमाण थेट संख्येचे प्रमाण म्हणून वापरता आले असते. इथे ती अजिबात सारखी नाही. लांडगा एका रात्रीत वीस-तीस किलोमीटर सहज चालतो, आणि चालण्यासाठी त्याला मोकळा रस्ता आवडतो, विशेषतः बर्फात, कारण तिथे श्रम कमी पडतात. हरीण त्यामानाने लहानशा टापूत फिरते आणि रस्त्यावर चालत जाण्याऐवजी बहुधा तो ओलांडते. म्हणजे तुमचे कॅमेरे नेमके लांडग्यांच्या वाटेवर आहेत. लांडग्यांचे फोटो त्यामुळे फुगले आहेत, आणि चरत उभ्या राहणाऱ्या हरणांचे फोटो दुसऱ्या कारणाने फुगले आहेत. दोन वेगवेगळ्या कारणांनी फुगलेल्या आकड्यांचा भागाकार केला तर येणाऱ्या उत्तराला काहीच अर्थ उरत नाही.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. बारा कॅमेरे दोन-तीन किलोमीटर अंतरावर म्हणजे फार तर शंभर चौरस किलोमीटरच्या आतबाहेरचे क्षेत्र झाले. मिनेसोटात लांडग्यांच्या एका कळपाचा प्रदेशच साधारण शंभर ते दोनशे चौरस किलोमीटरांचा असतो. त्यामुळे तुमचे शंभर फोटो बहुतांशी एकाच कळपातील पाच-सहा लांडग्यांचे असण्याची दाट शक्यता आहे.

जनावर ओळखता येत नसेल तेव्हा घनता काढण्याचे एक सूत्र आहे. रॉक्लिफ या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ते २००८ मध्ये मांडले. ठरावीक काळात जनावर किती वेळा कॅमेऱ्यासमोर आले ती संख्या घ्यायची, तिला पाय (π) या स्थिरांकाने गुणायचे आणि मग जनावराचा वेग, कॅमेऱ्याचा टिपण्याचा पल्ला आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या क्षेत्राच्या कोनात (रेडियनमध्ये) दोन मिळवून आलेली संख्या, या तिन्हींच्या गुणाकाराने भागायचे. पण त्याची अटच अशी आहे की कॅमेरे जनावरांच्या हालचालीच्या दृष्टीने यदृच्छेने लावलेले असले पाहिजेत. रस्त्याच्या कडेच्या कॅमेऱ्यांना हे सूत्र लावले, तर लांडग्यांची घनता कितीतरी पटींनी जास्त येईल.

नारिंगी_जाकीट

मी इथे बरीच वर्षे हरणांची शिकार करतो आणि लांडग्यांचा द्वेष करत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. इतक्या गणिताची गरज नाही. हरणांसाठी जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. मिसिसिपीतील वन्यजीव संशोधक जेकबसन यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली होती. मक्याच्या ढिगासमोर कॅमेरा लावायचा, नर हरणे शिंगांवरून एकेक ओळखायची, आणि फोटोंतील नर, मादी आणि पाडसे यांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढायची. शिंगांची ठेवण प्रत्येक नराची वेगळी असते: कोणाचा एक फाटा तुटलेला, कोणाचा डावा दांडा आत वळलेला. तुमच्याकडे सप्टेंबरपासूनचे फोटो आहेत, म्हणजे शिंगे गळण्यापूर्वीचे तीन-चार महिने हातात आहेत.

डुलुथकर

जाकीट, शिंगांवरून ओळखण्याची सूचना उत्तम आहे, पण मक्याच्या ढिगाला माझा ठाम विरोध आहे. मिनेसोटात हरणांना आमिष टाकून शिकार करणे बेकायदा आहे, आणि हरणांना झिजवत मारणाऱ्या प्रायॉन (विकृत प्रथिनामुळे होणाऱ्या) आजारामुळे काही भागांत त्यांना खायला घालण्यावरही बंदी आहे. एका ढिगावर तोंडाला तोंड लावून खाणारी हरणे हा आजार पसरवतात. शिवाय तुलनेचा प्रश्न आहेच. मक्यावर हरणे येतील, हरणांच्या मागे लांडगे येतील, आणि तुम्ही जंगल मोजण्याऐवजी तो ढीग मोजाल.

नारिंगी_जाकीट

बंदी मला माहीत आहे, आणि मी शिकारीसाठी नव्हे तर मोजणीसाठी सांगत होतो. तरी आजाराचा मुद्दा मान्य आहे. मका वगळा, शिंगांची ओळख ठेवा.

यंत्रवेध

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. कडाक्याच्या थंडीत अल्कलाइन बॅटऱ्या लवकर दम टाकतात. लिथियमच्या एए बॅटऱ्या उणे चाळीस अंशांपर्यंत काम देतात, त्या महाग असल्या तरी घ्याव्यात. दुसरे म्हणजे, हाताने फोटो निवडण्यापूर्वी मेगाडिटेक्टर हे फोटो तपासणारे मोफत संगणकीय प्रारूप चालवा. ते प्राणी, माणूस आणि वाहन असे तीन प्रकार वेगळे करते, आणि वाऱ्याने हललेल्या फांद्यांचे रिकामे फोटो बाजूला पडतात. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवले तर सूर्यामुळे निघणारे फुकटचे फोटोही कमी होतात.

उत्तरवारा

वर्गवारी पूर्ण झाली आहे असे मी पहिल्याच वाक्यात लिहिले होते. बॅटऱ्यांचा प्रश्न मी विचारलेला नाही.

संख्याविचार

बॅटऱ्यांचा संबंध आहे, म्हणून यंत्रवेध यांच्या प्रतिसादाला जोडून विचारतो. जानेवारीत एखादा कॅमेरा बंद पडला असेल, तर ते दिवस ‘जनावर आले नाही’ म्हणून मोजले गेले आहेत का? ते दिवस हिशेबातून वगळावे लागतात. आणि गुडघाभर उंचीवरच्या कॅमेऱ्यासमोर दोन फूट बर्फ साचले की भिंग बर्फात गाडले जाते किंवा बर्फाला टेकते. बर्फाच्या अगदी जवळ आलेल्या कॅमेऱ्याला लांबचे जनावर दिसतच नाही. तुमच्या फोटोंत फेब्रुवारीत जमीन किती वर आली आहे, हे पाहून सांगाल का?

उत्तरवारा

पाहिले. तीन कॅमेऱ्यांच्या फोटोंत फेब्रुवारीत अर्धी चौकट पांढरी आहे. एकाच्या भिंगावर दहिवराची जाळी आहे, तिच्यामागून फक्त दोन डोळे चमकताना दिसतात. ते हरीण आहे की लांडगा हे ठरवता येत नाही, म्हणून आम्ही तो फोटो ‘अनिश्चित’ मध्ये टाकला होता. हिवाळ्यात हरणांचे फोटो एकदम कमी झाले आहेत, आणि बैठकीत नेमके हेच दाखवून लोक म्हणणार की लांडग्यांनी खाल्ली.

डुलुथकर

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. उत्तरेतील हरणे हिवाळ्यात पांगलेली राहत नाहीत. सीडार, बाल्सम फर यांसारख्या दाट सूचिपर्णी झाडांखाली, जिथे बर्फ कमी साचते आणि वारा अडतो, तिथे ती एकत्र येतात आणि त्यासाठी कित्येक किलोमीटर स्थलांतर करतात. तुमचे रस्ते अशा झाडीपासून दूर असतील, तर डिसेंबरनंतर हरणे दिसणारच नाहीत. त्याचा अर्थ ती मेली असा होत नाही. हिवाळा किती कडक होता हे मोजण्याची सरकारी पद्धतही आहे. तापमान शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली गेले की त्या दिवसाचा एक गुण आणि बर्फ पंधरा इंच किंवा अधिक असेल तर आणखी एक. मोसमाअखेर शंभराच्या आत गुण म्हणजे हिवाळा सौम्य, एकशे ऐंशीच्या वर म्हणजे कडक. तुमच्या दोन वर्षांचे गुण मिळवा आणि फोटोंच्या शेजारी ठेवा. निम्मा वाद तिथेच मिटेल.

माळरान

पाणवठ्याचा मुद्दा सोडतो. पण एक विचारतो: लांडगे खरोखर किती हरणे खातात? आमच्याकडच्या माळावरचा लांडगा काळवीट मारतो हे खरे, तरी मेंढपाळांच्या शेळ्यामेंढ्यांवर तो मोठ्या प्रमाणात जगतो. नुसत्या काळविटांच्या संख्येवरून लांडग्यांचे गणित इथे कधीच सुटले नसते. तिकडच्या लांडग्यांना दुसरे काही मिळत नाही का?

डुलुथकर

मिळते. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरील व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात जीपीएस पट्टे लावून लांडग्यांचा अभ्यास चालू आहे. बर्फ नसलेल्या महिन्यांत तिथले लांडगे दबा धरून बीव्हर मारतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला हरणांची नवजात पाडसे खातात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरीसुद्धा खातात. ईशान्येकडे मूस हे हरणांच्याच कुळातील मोठे प्राणीही आहेत. त्यामुळे ‘एका लांडग्यामागे किती हरणे’ हा आकडा अचूक मिळाला तरी त्यावरून हरणांचे भवितव्य सांगता येणार नाही. मूसच्या बाबतीत तर हरणेच धोक्याची ठरतात, कारण हरणांच्या अंगात निरुपद्रवी राहणारा मेंदूतील कृमी मूसला मारतो.

नारिंगी_जाकीट

मूसचा विषय वेगळा धागा काढून बोलू. मला हे सांगा, लांडगे मोजायचेच झाले तर सरकार कसे मोजते? तेही कॅमेऱ्यानेच का?

संख्याविचार

मिनेसोटात राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग कळप व्यापून असलेले क्षेत्र, एका कळपाचा सरासरी प्रदेश आणि हिवाळ्यातील कळपाचा सरासरी आकार यांवरून आकडा काढतो आणि एकट्या फिरणाऱ्या लांडग्यांसाठी त्यात पंधरा टक्के मिळवतो. २०२२-२३ च्या हिवाळ्याचा अंदाज सुमारे २,९०० लांडग्यांचा होता. हरणांचा अंदाज शिकारीच्या नोंदींवर आधारलेल्या वेगळ्या प्रारूपातून येतो. आपल्याकडच्या व्याघ्रगणनेतही हेच तत्त्व आहे. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो म्हणून त्याच्यासाठी कॅमेरे वापरतात, आणि चितळ-सांबरांसाठी ठरावीक रेषेवर चालत जाऊन अंतरे नोंदवतात. भक्षक आणि भक्ष्य एकाच मापाने मोजण्याचा हट्ट तज्ज्ञही धरत नाहीत.

उत्तरवारा

ठीक आहे, प्रमाण बैठकीत मांडणार नाही. पण रिकाम्या हाताने जाणेही मला मान्य नाही. बर्फात जाऊन कार्डे गोळा करणाऱ्या आमच्या लोकांच्या दोन हिवाळ्यांच्या कष्टांतून जे सांगता येईल ते सांगायचेच आहे. आहे त्या फोटोंतून प्रामाणिकपणे काय म्हणता येईल?

संख्याविचार

बरेच काही. एकाच कॅमेऱ्यावर त्याच प्राण्याचे अर्ध्या तासाच्या आतील सगळे फोटो मिळून एक भेट धरा. बंद दिवस वगळून दर शंभर कॅमेरा-दिवसांमागे (एक कॅमेरा एक दिवस चालू म्हणजे एक कॅमेरा-दिवस) किती भेटी, हे प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्र काढा. मग हरणांची तुलना लांडग्यांशी न करता, पहिल्या वर्षातील हरणांची दुसऱ्या वर्षातील हरणांशी करा, त्याच कॅमेऱ्यांवर आणि त्याच महिन्यांत. त्यातही सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढाच काळ घ्या, कारण तेव्हा बर्फाचा आणि स्थलांतराचा घोटाळा सर्वांत कमी असतो. लांडग्यांचेही तसेच करा. कॅमेऱ्यांची जागा बदललेली नसल्यामुळे रस्त्याचा पक्षपात दोन्ही वर्षी जवळपास सारखा राहतो. मोजक्या भेटींतील लहानसहान फरकाला मात्र बदल म्हणू नका.

त्यापुढे, कोणत्या आठवड्यात कोणत्या कॅमेऱ्यावर प्राणी दिसला किंवा नाही, याचा तक्ता करा. ऑक्युपन्सी प्रारूपाला, म्हणजे प्राणी किती जागांवर असतो याचा अंदाज काढणाऱ्या गणिताला, एवढेच लागते, आणि ते ‘दिसला नाही’ आणि ‘नव्हताच’ यांत फरक करते. शेवटी नकाशावर पाहा की हरणे जास्त दिसणाऱ्या जागा लांडग्यांच्या फिरतीच्या कडेला आहेत का. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७७ मध्ये ईशान्य मिनेसोटातील निरीक्षणांवरून दाखवले होते की दोन कळपांच्या सीमेवरच्या पट्ट्यात लांडगे कमी वेळ घालवतात आणि तिथे हरणे टिकून राहतात. बारा कॅमेऱ्यांवरून हे सिद्ध होणार नाही, पण बैठकीत विचारण्यासारखा प्रश्न नक्की मिळेल.

उत्तरवारा

हे करता येईल. तक्ता आज रात्रीच सुरू करते. हिवाळ्याचे गुणही मिळवते. जूनपासून आणखी सहा कॅमेरे रस्त्यापासून दूर, नकाशावर जाळी आखून यदृच्छेने निवडलेल्या जागी लावण्याचा प्रस्ताव बैठकीत ठेवेन, आणि जागांची निवड शिकाऱ्यांसमोरच करेन, म्हणजे नंतर कोणी शंका घेणार नाही. नारिंगी_जाकीट, नर हरणांच्या शिंगांची ओळख पटवायला तुम्ही मदत कराल का?

नारिंगी_जाकीट

आनंदाने. ऑक्टोबरचे फोटो पाठवा. दोन्ही बाजूंनी डोके दिसणारे फोटो वेगळे काढलेत तर काम लवकर होईल.

डुलुथकर

जूनमध्ये कॅमेरे लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑगस्टच्या मध्यापासून इथे अस्वलांच्या शिकारीसाठी आमिषे मांडली जातात. आसपास कुठे आमिष आहे हे शिकाऱ्यांकडून बैठकीतच विचारून घ्या आणि त्या जागांजवळचे त्या काळातील फोटो वेगळे ठेवा. आणि राष्ट्रीय वनाच्या हद्दीत कॅमेरे लावण्यापूर्वी तिथल्या रेंजर कार्यालयाला आधी विचारा. परवानगी लागत असेल तर तिला वेळ लागू शकतो, तेव्हा बैठकीची वाट न पाहता याच आठवड्यात पत्र द्या.