खटक्याच्या पेनाचं किट: आईच्या बोटांसाठी काय काय बदलता येईल?

शिसवी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, लेथवर किटची पेनं करतोय, म्हणजे धातूचे भाग तयार आणि लाकूड आपण कातायचं. बहुतेक भेट म्हणून दिली आणि सगळ्यांनी कौतुकही केलं. पण आता एका पेनाने मला अडवून धरलंय.

माझी आई निवृत्त शिक्षिका आहे. रोज दोन-तीन पानं तरी लिहिते. गेल्या काही वर्षांपासून बोटांचे सांधे सुजतात. तिच्यासाठी शिसवीचं खटक्याचं पेन केलं, अगदी मन लावून. पंधरा दिवस वापरलं आणि मग कपाटात ठेवून दिलं. विचारलं तर म्हणाली, "देखणं आहे रे, पण मला धरवत नाही."

मग तिच्या शेजारी बसून नीट पाहिलं. खटका दाबायला अंगठ्याचा सगळा जोर लागतो, आणि बटण जेमतेम ५ मि.मी. रुंद असल्यामुळे ते अंगठ्यात रुततं. पुढचं धातूचं टोक गुळगुळीत आहे, बोटं खाली घसरत जातात, म्हणून ती पेन आणखी आवळून धरते. तिसरी गोष्ट मला जास्त लागली. लाकूड आणि मधलं कडं जिथे मिळतात तिथे तिच्या बोटाला कंगोरा टोचतो. देताना मी नख फिरवून तपासलं होतं, जोड कळतही नव्हता. तीन महिन्यांत ही पायरी आली कुठून?

किट दोन नळ्यांचं, मध्ये कडं. लाकडाच्या आतली पितळी नळी बाहेरून ८ मि.मी. लाकडाचा व्यास टोकाकडे ९.४ आणि मध्ये १०.५. रिफिल पार्कर पद्धतीची. खटका हलका व्हावा म्हणून स्प्रिंगचे दोन वेढे कापले, तर आता रिफिलचं टोक पूर्ण आत जात नाही. सुरुवात कुठून करू?

अर्धा_सूत:
आधी ती कापलेली स्प्रिंग काढून टाका. वेढे कापले की स्प्रिंग आखूड होते, त्यामुळे सुरुवातीचा दाब कमी लागतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण उरलेले वेढे आधीपेक्षा ताठ असतात. म्हणजे दाबताना शेवटी शेवटी जोर लागतोच, आणि रिफिल मागे ढकलायला हवा तेवढा रेटा मात्र राहत नाही. तुमचं नेमकं हेच झालंय.

हवी ती बारीक तारेची स्प्रिंग. वेढ्यांची संख्या आणि घेर तोच ठेवला तर स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ०.५० मि.मी.ऐवजी ०.४५ची तार घेतली तर जाडी फक्त दहा टक्क्यांनी उतरते, पण ताठपणा जवळजवळ एक तृतीयांशाने. जुनी, संपलेली पेनं उघडा, स्प्रिंगा जमवा, व्हर्नियरने तार मोजा आणि लांबी जुळणारी निवडा. माझ्याकडे अशा स्प्रिंगांची डबीच आहे, आणि किटबरोबर आलेली स्प्रिंग मी फार क्वचित वापरतो.

आता पायरीबद्दल. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. शिवाय वर्षवलयांच्या दिशेने ते जितकं हलतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे हलत नाही, ढोबळमानाने निम्मंच. म्हणून गोल कातलेला तुकडा काही महिन्यांनी किंचित लंबगोल होतो. धातू जागचा हलत नाही. त्या दोघांना एका पातळीवर आणून ठेवलं तरी ते तिथे राहणार नाहीत. मी ते जुळवणं सोडून दिलं. लाकडाच्या कडेला अर्धा मिलिमीटर उतार द्या. बोट त्या उतारावरून सरकतं, पुढे पायरी आली तरी टोचत नाही. आणि नळीची तोंडं सपाट केल्यावर लाकडाच्या उघड्या काटछेदाला, म्हणजे रेषा आडव्या कापल्या जातात त्या तोंडाला, पातळ सुपरग्लू पाजा. बाहेरून कितीही चकाकी चढवली तरी ओल शिरते ती तिथूनच.

वर्तुळ:
स्प्रिंगचं म्हणणं पूर्ण पटलं. कड्याच्या बाबतीत मात्र मी वेगळं सांगेन: ते कडं काढूनच टाका. तिथे जोड असण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की किट दोन तुकड्यांत विकायला सोपं जातं. मी लांब नळी घेऊन एकसंध दांडा कातते.

पण तुमच्या आईंचा खरा प्रश्न टोकाशी आहे. दुखऱ्या बोटांना जाड पकड बरी, कारण मूठ कमी आवळावी लागते. आणि बोटं लाकडावर यायला हवीत, धातूवर नाही. बुशिंग, म्हणजे कातताना टोकाचा व्यास दाखवणारं धातूचं कडं, सांगतं म्हणून आपण टोकाकडे निमुळतं करत जातो. ती सवय मोडायची असेल तर मँड्रेल (नळ्या ओवायची सळई) आणि बुशिंग बाजूला ठेवा, लेथच्या दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या टोकदार आधारांमध्ये, धरून काता आणि मापं व्हर्नियरने घ्या. मग पोट, म्हणजे सगळ्यात जाड भाग, कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवता.

मी असंच एक पेन केलंय. ठोकळा नळीपेक्षा ८ मि.मी. लांब ठेवला. त्या वाढीव भागात ९.५ मि.मी.चं सपाट बुडाचं भोक, आणि तो चकवरून (लेथच्या पकडीतून) न काढता त्याच मध्यावर ८चं आरपार भोक. नळी आतल्या सपाट खांद्याशी बरोबर टेकेल अशी चिकटवली. धातूच्या टोकाचा मागचा भाग त्या लाकडी बाहीत बसतो, बाहेर फक्त पुढचा थोडासा दिसतो. बाहेरचा व्यास १२.५ ठेवला तर बाहीची भिंत दीड मिलिमीटर उरते. त्याहून पातळ करू नका, लाकडाच्या रेषेवर चिरते. मी एकदा १.१वर नेली होती आणि टोक दाबून बसवताना तडा गेला.

शिसवी:
वर्तुळ, बाहीची कल्पना फारच आवडली. एक शंका. नळीची लांबी बदलली तर रिफिलचं टोक बाहेर किती येईल याचा हिशेब कसा करायचा? आधीच्या एका पेनात ठोकळ्याची तोंडं सपाट करताना नळी थोडी जास्त घासली गेली होती आणि त्याचं टोक कायम किंचित बाहेर असतं.

अर्धा_सूत:
त्याचं कारण तेच. पिळून उघडायच्या पेनात यंत्रणा किती खोल दाबायची ते आपल्या हातात असतं, म्हणून चूक सावरता येते. खटक्याच्या पेनात यंत्रणा आपल्या जागेवर पक्की बसते, त्यामुळे नळीची लांबी म्हणजेच टोकाचं माप. नळी अर्धा मिलिमीटर आखूड झाली की रिफिल अर्धा मिलिमीटर पुढे सरकते, खटका उघडा असो की बंद. लांब राहिली तर टोक पुरेसं बाहेर येत नाही. आखूड झाली असेल तर यंत्रणा आणि नळी यांच्या मध्ये तेवढ्याच जाडीचं पितळी कडं घाला.

रिफिलच्या मागे कागदाची चकती घालून लांब नळीची भरपाई करता येते, पण ती चिकटवू नका. पार्करच्या १९५४ सालच्या जॉटरपासून बऱ्याच खटक्यांत दाबताना रिफिल थोडी फिरते, म्हणजे टोकातली गोळी एकाच बाजूने झिजत नाही. रिफिलच्या शेपटीला दाते असतात ते त्यासाठीच. तिथे गोंद लागला तर फिरणं थांबतं.

ठोकळा कातण्याआधी सगळं एकदा कोरडं जोडून पाहा. चिकटपट्टीने धरलं तरी चालेल. रिफिल साधारण ९८ मि.मी. लांब असते, पण निरनिराळ्या रिफिलांत टोकाच्या आकाराचा थोडा फरक पडतो. आई जी वापरणार तीच घालून माप घ्या.

शिसवी:
तीन आठवड्यांनी लिहितोय, आधी दोन पेनं वाया गेली म्हणून.

स्प्रिंग: तार ०.४५ची मिळाली. पेन उलटं धरून बटण वजनकाट्यावर दाबलं आणि खटका बसेपर्यंतचा सर्वात मोठा आकडा पाहिला. जुन्या स्प्रिंगने ७८०च्या आसपास ग्रॅम, नव्याने ५६०. यंत्रणेतल्या दात्यांवर सिलिकॉन ग्रीसचा कण लावल्यावर थोडा आणखी खाली आला. हे मोजल्याशिवाय मला पटलं नसतं, कारण माझ्या अंगठ्याला दोन्ही सारखेच वाटत होते. तिच्या अंगठ्याला लगेच कळलं.

बटणावर शिसवीचीच ९ मि.मी.ची टोपी कातून बसवली, माथ्यावर किंचित खोलगट. पहिली टोपी फसली. खाली ३ मि.मी. मोकळी जागा ठेवली होती, कारण बंद आणि उघड्या स्थितीतला फरक तेवढाच भरत होता. पण खटका अडकण्याआधी बटण त्याहून खोल जावं लागतं आणि मग थोडं परत वर येतं. टोपी दांड्यावर आपटायची, खटका बसायचाच नाही. आता साडेचार ठेवली आहे आणि नीट चालतंय.

बाही वर्तुळ यांच्या सांगण्याप्रमाणे. पोट १३ मि.मी., टोकापासून अडीच सेंटिमीटर मागे. त्याची जागा मी आईला ओबडधोबड कातलेली दांडी हातात देऊन ठरवली. तिने तीनदा पुढेमागे करून बोट ठेवलं, तिथे पेन्सिलची खूण केली. मी आकृतीत काढलं होतं त्यापेक्षा ती खूण ७ मि.मी. मागे निघाली. चकाकी मात्र तिला नको झाली, सुपरग्लूचा काचेसारखा थर हातातून निसटतो म्हणाली. म्हणून बाहेरून नुसतं तेल आणि मेण.

चार दिवस झाले, ती हेच पेन वापरतेय. क्लिप राहू दे म्हणाली, टेबलावरून घरंगळत नाही म्हणून.

शेवटचं एक विचारायचंय. बाहेर तेल-मेण आहे, मग बाहीच्या आतलं लाकूड उघडंच राहिलंय. ते बंद करायला हवं का?

वर्तुळ:
हवंच. नाहीतर ती बाही आतून ओल घेईल आणि तिथेच चिरेल, भिंत सगळ्यात पातळ तिथेच आहे. धातूचं टोक काढा, कापडाचा बोळा काडीला गुंडाळून आत पातळ सुपरग्लूचा एक हात द्या. टोक बसवण्याआधी रात्रभर उघडं ठेवा. ओल्या सुपरग्लूची वाफ कोंडली तर मुलाम्यावर पांढरट धुरकट थर बसतो आणि तो सहज जात नाही. सुकल्यावर ९.५चंच ड्रिल हाताने एकदा फिरवून घ्या, थराची जाडी आड येते.