मदत हवी आहे: ३० हजार वस्तीच्या गावासाठी स्मशानभूमी आणि दफनभूमीचा आराखडा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. निफाड पट्ट्यातल्या एका छोट्या नगरपंचायतीसाठी अंत्यविधीच्या जागांचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करायचा आहे. लोकसंख्या साधारण ३० हजार. नदीकाठी जुनी स्मशानभूमी, दोन ओटे, वर पत्र्याची शेड. मागे २० गुंठे दफनभूमी. तिथे लिंगायत, गोसावी, लहान मुलं आणि बेवारस. कब्रस्तानाची व्यवस्था वेगळी आहे, ते यात धरलेलं नाही. जमीन काळी, पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागतं. जागा पुरेल का, ओटे किती हवेत आणि अशा जमिनीत दफन नीट कसं व्हावं, हे समजून घ्यायचं आहे.

हिशेबवही:
आधी आकडा पक्का करा. नगरपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीवर विसंबू नका. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. तुमच्याकडचे गंभीर रुग्ण नाशिकला दाखल होतात, त्यांची नोंद नाशिकलाच राहते, पण अंत्यविधी गावात होतो. म्हणजे वही कमी दाखवणार. लाकडाच्या पावत्या आणि ओट्यावरच्या माणसाची वही यांच्याशी ताडून पाहा.

तोवर अंदाजासाठी हजारी ६ धरा, म्हणजे वर्षाला १८० मृत्यू. त्यातले १४० दहन, १८ तुमच्या दफनभूमीत, बाकीचे कब्रस्तानात, असं समजू. एका खड्ड्याला २.४ × १.२ मीटर जागा आणि समोर ९० सेंमी वाट, म्हणजे जवळपास ४ चौरस मीटर. झाडं, चर, गाडीरस्ता यासाठी त्यावर निम्मी वाढ, म्हणजे ६. आता तीच जागा किती वर्षांनी पुन्हा वापरता येते, यावर सगळं आहे. १५ वर्षांनी येत असेल तर १८ × १५ × ६ = १,६२० चौ. मी., म्हणजे १६ गुंठे. तुमचे सगळे २० गुंठे वापरता आले तर भागतं. २५ वर्षं लागत असतील तर २,७०० चौ. मी., २७ गुंठे. भागत नाही. त्यामुळे जागा मागण्याआधी जमीन तपासा.

मुरूममाती:
वरच्या मुद्द्याला धरूनच. काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय कुजण्याची क्रिया फार मंदावते. १५ वर्षांनी खणलं तर अवशेष पुरते गेलेले नसतात. मुरमाड जमिनीत ही अडचण बरीच कमी.

सप्टेंबरअखेर, भूजल सगळ्यात वर असतं तेव्हा, जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत ३ मीटर खोल चाचणी खड्डे घ्या. कठडा करून झाकून ठेवा, २४ तासांनी पाणी कुठे उभं आहे ते मोजा. दफनाचा तळ त्या पातळीच्या किमान १ मीटर वर हवा. खड्डा १.८ मीटरचा असेल, तर पाणी २.८ मीटरच्या खाली पाहिजे. लिंगायत समाधी बसलेल्या स्थितीत असते, खड्डा जास्त खोल जातो, म्हणून त्यांच्यासाठी सगळ्यात उंच भाग राखा. पिण्याच्या विहिरी आणि बोअरपासून २५० मीटर, ओढ्या-नाल्यापासून ३० मीटर हे अंतर सोडू नका. पातळी जमत नसेल तर मीटरभर मुरमाचा भराव घाला, नाहीतर दुसरा उंच गट बघा.

भरतानाच सगळ्यात जास्त चुकतं. काळ्या मातीची ढेकळं तशीच आत लोटतात. मध्ये पोकळ्या राहतात, पहिल्या पावसात माती बसते, वर खळगा पडतो आणि त्यात साचलेलं पाणी थेट आत उतरतं. ढेकळं फोडा, निम्मा मुरूम मिसळा, २० सेंमीचे थर करून धुम्मसने ठोका, वर ३० सेंमी उंच ठेवा. चढाच्या बाजूने चर काढून बाहेरचं पाणी वळवा. दवाखान्यातून येणारं प्लास्टिकचं वेष्टन आत जाऊ देऊ नका, त्याने सगळं आणखी लांबतं.

जाळीओटा:
ओट्यांचं बघू. दहन झाल्यावर सावडेपर्यंत ओटा अडतो, सरासरी दोन दिवस धरा. वर्षाला १४० दहनं असतील तर दोन ओट्यांवर वर्षातले १५-१६ दिवस जागा कमी पडेल, तिसरा बांधला तर जेमतेम तीन दिवस. तिसरा बांधाच. ओट्यावर चिता रचायची जाळी असते, तिच्याखाली ओढून काढता येणारा, क्रमांक घातलेला पत्र्याचा ट्रे बसवला तर राख ट्रेसकट बाजूला ठेवता येते आणि ओटा त्याच दिवशी मोकळा होतो.

बिडाची जाळी तापलेली असताना लोक पाणी मारतात, ती तडकते. राख सावडायची तर आधी थंड होऊ द्या, आणि पट्ट्या सुट्या बदलता येतील अशाच घ्या. शेडचे सिमेंटचे खांब ज्वाळेजवळ असतील तर काँक्रीटचे पापुद्रे निघून सळया उघड्या पडतात. खांब लांब घ्या, ज्वाळेकडच्या बाजूला भट्टीच्या आत लावतात त्या उष्णता सोसणाऱ्या विटा लावा, आणि छताच्या माथ्याला धूर जायला फट ठेवा.

लाकूड उघड्या चितेला ३०० ते ४०० किलो लागतं, चांगल्या जाळीवर बरंच कमी. जून ते सप्टेंबर ४७ दहनं धरली तर १६ टन, म्हणून मे अखेर २० टन साठा हवा, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, छपराखाली. खरेदी वजनावर असते आणि ओलं लाकूड जड भरतं, तेव्हा पावसाळ्यात पैसे पाण्याला जातात.

नदीकाठी काही बांधण्याआधी जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा घ्या. त्यातल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या पुराच्या पट्ट्यात, लाकडाचं कोठार बांधू नका.

गोदाकाठ:
फार उपयोगी पडलं. जुन्या दफनभूमीत रांगाच नाहीत, कोण कुठे आहे ते कळत नाही. तिथे काय करायचं?

हिशेबवही:
जुनं उकरायचं नाही. दफन झालेला देह वर काढायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड लावून घ्या, काठावरचं अतिक्रमण तेव्हाच दिसतं. मग मोकळ्या भागात अ, ब, क रांगा आखा, प्रत्येक खड्ड्याच्या पायथ्याशी क्रमांकाचा दगडी खुंट जमिनीलगत बसवा. उंच ठेवला तर गवत काढताना हलतो. वहीत रांग, क्रमांक, तारीख, नाव, वय, खोली आणि नोंद करणाऱ्याची सही. दोन प्रती, एक कार्यालयात. मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, म्हणून नातेवाइकांना त्याच दिवशी पावती द्या, दाखला काढताना तीच कामी येते. जुन्या भागात ज्या समाध्या नातेवाईक ओळखतात तेवढ्या नकाशावर टिपा, बाकी भाग बंद म्हणून जाहीर करा आणि तिथे कडुनिंब, करंज लावा.