छापील टीपीयू पट्टीतल्या सेन्सरचे वाचन मूळ आकड्यावर का परतत नाही?

प्रश्न:
नमस्कार. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी गुडघ्याचे वाकणे मोजणारी पट्टी थ्रीडी प्रिंटरवर तयार करत आहे. पट्टी टीपीयूची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची, असून तिच्या पोटात कार्बनमिश्रित वाहक टीपीयूची नागमोडी रेघ छापली आहे. रेघ ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, तोच मी मोजतो. मात्र गुडघा सरळ केल्यावरही आकडा पूर्वीच्या जागी येत नाही, आणि पावसाळा लागल्यापासून छपाईत बुडबुडे दिसत आहेत. दोष प्रोग्रॅममध्ये शोधावा की पट्टीत?

उत्तर १:
आधी पट्टीत. टीपीयू हवेतला ओलावा शोषतो, आणि मुंबईच्या जुलैत त्याचे रीळ उघडे ठेवले तर घरातल्या मिठाची होते तीच गत त्याची होते. नोझलमध्ये, म्हणजे वितळलेले प्लास्टिक सोडणाऱ्या प्रिंटरच्या तोंडात, त्या ओलाव्याची वाफ होऊन रेघ जागोजागी पोकळ राहते. दोन्ही रिळे ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर किमान चार-पाच तास वाळवा आणि छपाई चालू असतानाही ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यातच राहू द्या.

उत्तर २:
वाळवल्याने बुडबुडे जातील, आकडा परतेलच असे नाही. या रेघेतून वीज वाहते ती एकमेकांना टेकलेल्या कार्बनकणांच्या साखळ्यांमधून. ताणल्यावर काही साखळ्या तुटतात आणि ताण गेल्यावर सगळ्याच लगेच जुळत नाहीत, शिवाय टीपीयू स्वतःही सावकाश आकसतो. म्हणून नवी पट्टी मोजणीपूर्वी शेकडो वेळा ताणून घ्यावी, आणि वाकताना व सरळ होताना येणारे आलेख वेगवेगळे नोंदवावेत. माझा खरा संशय मात्र तारेच्या सांध्यावर आहे. तिथे डाग (सोल्डर) देता येत नाही, कारण प्लास्टिकच वितळते. आपण तार कशी जोडली आहे?

प्रश्नकर्ता:
तार नुसती खोचून वरून चिकटपट्टी लावली आहे. आपले उत्तर वाचून सांधा बोटाने दाबून पाहिला, तर गुडघा न हलवताही आकडा बदलला.

उत्तर २:
मग सांधा ताण न पडणाऱ्या, जाड छापलेल्या टोकाशी न्या, तांब्याची तार तापवून रेघेत दाबून बसवा आणि वर चांदीचा वाहक रंग लावा. शक्य असल्यास चार तारांनी मोजा, दोन तारांतून वीज सोडा आणि दुसऱ्या दोन तारांनी व्होल्टेज मोजा, म्हणजे सांध्याचा रोध मोजणीत येणारच नाही.

उत्तर १:
एक राहिले. छपाई मध्येच थांबवून सेन्सर आत ठेवता येतो, परंतु लिथियम बॅटरी तशी कधीही पुरू नका. नोझल २०० अंशांच्या वर तापलेले असते. तिच्यासाठी पट्टीला वेगळा खिसा ठेवा.