पितृपक्षात दोन ग्रहणं, त्यात शनी वक्री: गणित मान्य, पण फळ कशाला मानायचं?

सांजवारा

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण होऊन गेलं, सुटलं, लोकांनी आंघोळीही केल्या, तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर शांतता नाही. आता नवीन पुडी आलीये की पितृपक्ष ग्रहणाने सुरू झाला आणि ग्रहणानेच संपणार (२१ ला सर्वपित्रीला सूर्यग्रहण आहे), वर शनी वक्री (आकाशात उलटा सरकताना दिसतोय), म्हणजे काहीतरी मोठं संकट येणार. काय संकट ते कुणी सांगत नाही, फक्त दहा जणांना पाठवा म्हणे.

अरे पण २१ चं ग्रहण खंडग्रास आहे, ते दिसणार न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला. भारतात दिसतच नाही, म्हणजे आपल्याच पंचांगाच्या नियमाने वेध नाहीत की काही पाळायचं नाही. आणि दोन ग्रहणं पंधरवड्याच्या अंतराने आली यात आक्रीत काय आहे? चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली, ती सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू, सूर्य त्यांच्याजवळ वर्षातून साधारण दोनदा येतो आणि महिनाभर तरी त्या टापूत असतो, तेवढ्यात एक पौर्णिमा आणि एक अमावास्या पडणारच ना. ग्रहणं जोडीनेच येतात, कधीकधी तिसरंही येतं.

राशीफळाचं बघा. चंद्र होता कुंभेत. मेष, वृषभ, कन्या, धनुला शुभ, कर्क, वृश्चिक, कुंभ, मीनला अनिष्ट, उरलेल्या चार मिश्र. नियम काय, तर आपल्या राशीपासून ३, ६, १०, ११ वं ग्रहण चांगलं आणि १, ४, ८, १२ वं वाईट. म्हणजे ग्रहण कुठल्याही राशीत होऊ दे, खग्रास असो नाहीतर चंद्राचा नखाएवढा तुकडा गेलेला असो, चार राशी खूश, चार राशी घाबरलेल्या, चार मधल्यामध्ये. मोजदाद आधीच ठरलेली. याला भविष्य म्हणायचं?

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. मेहुणी सातव्या महिन्यात आहे. तिला त्या दिवशी दुपारी साडेबारापासून रात्री दीड वाजेपर्यंत अन्न नाही, पाणीसुद्धा कसंबसं, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि पाय दुमडून बसायचं नाही म्हणून सरळ पडून राहायचं. सासूबाईंनी नाही हो सांगितलं, त्या बिचाऱ्या म्हणत होत्या दूध तरी घे. हिनेच रील बघून स्वतःचे नियम केले.

कुंभलग्न

ज्योतिषाचा अभ्यास करतो, पोटापाण्याचा धंदा नाही, त्यामुळे गिऱ्हाईक जाईल ही भीती नाही. मेहुणीबाईंच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पंचांग नीट वाचलं असतं तर त्यात स्पष्ट होतं की वेध दुपारी साडेबाराच्या पुढे लागतात, पण मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवतींनी सव्वापाचपासून पाळावेत. शास्त्राने सूट दिली होती, रीलवाल्यांनी काढून घेतली. याचं खापर ज्योतिषावर का?

बाकी मुद्दे पटले नाहीत. तुम्ही "गणित मान्य, फळ नाही" म्हणता ते जरा सोयीचं आहे. आर्यभटाने सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. हे सगळे पुरोगामी लोक सांगतात. पण वराहमिहिरालाही सावली माहीत होती, त्याने राहू गिळतो वगैरे कल्पना खोडून काढली आणि त्याच अध्यायात पुढे ग्रहणाची फळंही दिली. तो अडाणी होता का? त्याला कारण कळलं म्हणून फळ गळून पडलं नाही. घटनेचं कारण वेगळं आणि घटना कशाचं चिन्ह आहे हे वेगळं. भीष्मपर्वातसुद्धा युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला एका महिन्यात दोन ग्रहणं आणि तेरा दिवसांचा पक्ष सांगतातच की.

सांजवारा

@कुंभलग्न तेरा दिवसांचा पक्ष दुर्मिळ असतो म्हणून तो व्यासांच्या तोंडी आहे. आत्ताचा पक्ष सरळ ८ ते २१, चौदा दिवसांचा. दोन ग्रहणं अशी दरवर्षी निघतात, मग दरवर्षी कुरुक्षेत्र व्हायला पाहिजे.

वराहमिहिराचं म्हणाल तर माणूस मोठाच होता. पण मोठ्या माणसाने एका अध्यायात दोन गोष्टी लिहिल्या आणि त्यातली एक दरवेळी मिनिटावर खरी ठरते. परवा चंद्र रात्री ९:५७ ला काळवंडायला लागणार म्हणून छापलं होतं, ९:५७ ला लागला. ११:०१ ला पूर्ण झाकला गेला, १२:२३ ला कड उजळली. दुसऱ्या गोष्टीला अशी वेळ लावून दाखवा, मी तुमच्या पाया पडतो.

खाडीपलीकडचा

तुमचं शास्त्र आणि विज्ञान चालू दे, मी कोकणातला, आमच्याकडे चंद्र हा रोजच्या पोटाचा प्रश्न आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पुढे प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती. शाळा न शिकलेला माणूस पण होडी याच्यावर काढतो.

आता ७ तारखेला लालबागच्या राजाचं विसर्जन गिरगावला रखडलं तेव्हा आमच्या ग्रुपवर पण "बघा ग्रहणाचा प्रभाव" सुरू झालं. अरे बाबांनो, पौर्णिमा होती, उधाणाची भरती होती, पाऊणपटीने सव्वाअकरा येते आणि खरंच बाराच्या जरा अलीकडे पाणी चढलेलं होतं. मूर्ती तेव्हा पाण्यात होती. ग्रहण लागायला रात्रीचे दहा वाजायचे होते. पौर्णिमा नसती तर ग्रहणही नसतं आणि एवढं पाणीही नसतं, एवढाच काय तो संबंध.

मोगरा_७८

मग तुम्हीच सांगितलंत की! एवढा समुद्र चंद्र हलवतो, आपल्या शरीरात तर निम्म्याहून जास्त पाणी, मनावर परिणाम होणार नाही? पौर्णिमेला झोप येत नाही हा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि परदेशात त्यावर अभ्यासही झालाय.

दुर्बीणवाला

@मोगरा_७८ स्वित्झर्लंडमधला २०१३ चा अभ्यास म्हणताय बहुतेक. ३३ लोक, बंद प्रयोगशाळेत झोपवलेले, पौर्णिमेच्या आसपास झोप सरासरी वीस मिनिटं कमी. मनोरंजक आहे, नाही म्हणत नाही. पण वीस मिनिटं झोप कमी झाली इथून "वृश्चिक राशीला कौटुंबिक कलह" इथपर्यंत कसं पोचायचं ते सांगा. आणि पाण्याचं म्हणाल तर भरती येते ती चंद्राची ओढ पृथ्वीच्या या बाजूला जास्त आणि त्या बाजूला कमी पडते म्हणून, हजारो किलोमीटरच्या अंतरातला फरक तो. साडेपाच फुटी माणसात डोक्याला आणि पायाला कितीसा फरक पडणार? घरातल्या पिंपात भरती आलेली कुणी बघितलीये का.

आता वक्रीबद्दल, कारण त्यावर कुणी बोललंच नाही. शनी १३ जुलैपासून वक्री आहे, २८ नोव्हेंबरला मार्गी, म्हणजे परत सरळ, होईल. दरवर्षी साडेचार महिने तो वक्री असतोच, म्हणजे कुठल्याही वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काळ. तो उलटा फिरत नाही, आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला ओव्हरटेक करते तेव्हा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो मागे सरकल्यासारखा दिसतो. आणि गंमत अशी की नेमका तेव्हाच तो सगळ्यात जवळ आणि सगळ्यात तेजस्वी असतो. २१ तारखेला, ज्या दिवसाला तुम्ही सगळे घाबरताय, त्याच दिवशी शनी बरोबर सूर्यासमोर येतोय, सूर्यास्ताला उगवणार आणि पहाटे मावळणार. परवा चंद्र तांबडा झाला तेव्हा शनी जवळच होता. आम्ही टेकडीवर आठ इंची दुर्बीण लावली होती, शेजारच्या चाळीतल्या आजी आल्या आणि म्हणाल्या, कडी कुठाय? यंदा कडी जवळजवळ कडेवरून दिसतायत, त्यामुळे गोळ्याच्या दोन्ही बाजूंना नुसती बारीक रेघ. आजींना रेघ बघून जरा फसवल्यासारखं वाटलं पण चंद्र बघून त्यांनी हात जोडले. ग्रहण लागलेल्या चंद्राला, हां.

कुंभलग्न

@दुर्बीणवाला धन्यवाद, माझं काम तुम्हीच केलंत. म्हणूनच आपल्या शास्त्रात वक्री ग्रहाला चेष्टाबल आहे, वक्री म्हणजे बलवान. प्राचीन लोकांनी आकाशात बघून ठरवलंय, हवेत नाही. हे जे ऑफिसातली मुलं "मर्क्युरी रेट्रोग्रेड आहे, लॅपटॉप बिघडला, एक्सचा मेसेज आला" करत असतात ते अमेरिकेतून आलेलं आहे, त्याला आमच्यात काडीचा आधार नाही. तिकडचे लोक तर हे ग्रहण मीनेत झालं म्हणत होते, कारण त्यांचं सायन (राशी वसंतसंपातापासून मोजायच्या) आणि आपलं निरयन (ताऱ्यांपासून मोजायच्या), मध्ये चोवीस अंशांचा फरक.

दुर्बीणवाला

माझा पुढचा प्रश्न तोच होता. बुध वक्री असतो तेव्हा तो आपल्या आणि सूर्याच्या मधून जात असतो, म्हणजे त्यातले बरेच दिवस सूर्याच्या उजेडात बुडालेला, तुमच्या भाषेत अस्तंगत. वक्री म्हणून बलवान आणि अस्त म्हणून दुबळा, दोन्ही एकदम. मग फळ कुठलं सांगणार? आणि एकच चंद्र, एकच रात्र, तिकडे मीन, इकडे कुंभ. दोघांचेही ग्राहक म्हणतात की आम्हाला अनुभव आला.

कुंभलग्न

म्हणून तर अभ्यास लागतो साहेब. एका नियमावर कुणी फळ सांगत नाही, दृष्टी, युती, दशा, सगळं बघावं लागतं. तापाला दहा कारणं असतात म्हणून वैद्यक खोटं ठरत नाही.

कडूकारलं

दहा कारणं असतात पण रक्त तपासून नवाला काट मारता येते. तुमच्याकडे काट कधीच बसत नाही, चुकलं की अजून एक योग सापडतो. जयंत नारळीकरांनी पुण्यात चाचणी घेतली होती ना, अंनिस आणि विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या लोकांना बरोबर घेऊन, २००८ मध्ये. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर जास्त आली असती.

कुंभलग्न

ती चाचणी जन्मपत्रिकेवरून बुद्धी ओळखायची होती, इथे विषय ग्रहण आणि गोचराचा, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणाचा आहे. विषय बदलू नका. आणि बऱ्याच नामवंतांनी भागच घेतला नव्हता.

कडूकारलं

तेच तर. का नाही घेतला?

सुईदोरा

मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे, नाइट ड्युटीला होते त्या दिवशी. वाद कळत नाही मला फार. एवढं सांगते की दर ग्रहणाला दोन-तीन बायका चक्कर येऊन दाखल होतात, दिवसभर पोटात काही नाही, शुगर उतरलेली. आणि ओठ फाटलेलं बाळ झालं की आईला पहिला प्रश्न काय विचारतात, ग्रहणात काय चिरलंस? फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्यास का, घरात आधी कुणाला होतं का, हे कुणी विचारत नाही. मुळात बाळाचा ओठ पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुळून झालेला असतो, सातव्या महिन्यात विळी हातात घेतली काय नि नाही घेतली काय. मेक्सिकोतल्या बायका पण ग्रहणात पोटापाशी लोखंडी पिन लावतात, ओठ फाटू नये म्हणूनच. म्हणजे सासुरवास सगळीकडे सारखाच.

@कुंभलग्न, तुम्ही चांगलं समजावता. पंचांगात सव्वापाच लिहिलंय हे तुमच्या लोकांना एकदा व्हिडिओ करून सांगा ना. आमचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

कुंभलग्न

@सुईदोरा हे मात्र मनापासून मान्य. करतो. फक्त "पाळूच नका" असं मी म्हणणार नाही. आमच्या घरी ग्रहणात जप होतो, दह्यादुधावर तुळशीपत्र ठेवतात, सुटल्यावर दान देतात. वर्षातून एक-दोनदा माणूस चार तास मोबाईल ठेवून बसतो, यात कुणाचं काय बिघडतं?

सांजवारा

जपाला कुणाचीच ना नाही. पण दानाचंही ऐकाल का? "दे दान, सुटे गिराण" ओरडत फिरणारी माणसं कोण होती आणि त्यांच्या झोळीत घरातलं काय पडायचं ते आजीला विचारून बघा. कुणाचं बिघडत नाही असं बसल्याजागी म्हणणं सोपं असतं.

असो, अमावास्या अशुभ म्हणतो आपण, लक्ष्मीपूजन अमावास्येलाच करतो, आणि तमिळनाडूत लोक नव्या कामाला मुद्दाम अमावास्या धरतात. चंद्र तोच. यावर बोला कुणीतरी.

खाडीपलीकडचा

अमावास्येवरून आठवलं, २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांच्या वर खग्रास, आपल्याकडे दुपार टळल्यावर खंडग्रास दिसेल. त्या दिवशी दिव्यांची अवस आहे. म्हणजे गटारी! सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागणार, म्हणजे पहाटेपासूनच चूल बंद.

कडूकारलं

घाबरू नका, कॅलेंडर बघितलं मी. सोमवार आहे. तुमच्याकडे तसंही कोण खाणार होतं, रविवारीच उरकावं लागेल. ग्रहणाला काही दोष नाही.

दुर्बीणवाला

लक्सरला जायला मी पैसे साठवतोय. @कुंभलग्न येणार का? गणित माझं, जप तुमचा.

कुंभलग्न

माझी रास कर्क. ग्रहण कर्केतच आहे ते, पहिलं. आधी माझी शांत करून घेतो, मग तिकिटाचं बघू.