सांगलीत १४ पोरांची बर्गर पार्टी: चेन की लोकल? (बजेट २५००, केक वेगळा)

भाचेमामा
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी भाच्याचा वाढदिवस आहे, सहावीत आहे. ताईनं सगळा कार्यक्रम माझ्या गळ्यात घातलाय. साहेबांची फर्माईश एकच, बर्गर. पोरं १४, बजेट २५०० रुपये, केक सोडून. त्यातली तीन पोरं जैन घरातली. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही आणि अंड्याचं मेयोनीज तर अजिबात नाही. विश्रामबागेकडं मॅकडोनाल्ड्ससारख्या एखाद्या चेनमध्ये न्यावं की आपल्या लोकल बर्गरवाल्याकडं? बसायला जागा पाहिजे, पोरं तासभर तरी कल्ला करणार. बजेटच्या आतलंच सांगा, ही हात जोडून विनंती.

शंभरफुटी
लोकल. डोळे झाकून लोकल. शंभर फुटी रोडला संध्याकाळी एक गाडी लागते, नाव-बिव काही नाही, पिवळा बोर्ड. बन मधून कापून बटरवर असा भाजतो की कडा कडक आणि आत लुसलुशीत. पॅटीवर चीजची स्लाइस टाकून वर पातेलं उपडं घालतो. स्लाइस वितळून तव्यावर ओघळते, तिची तपकिरी जाळी होते, ती उलथन्यानं खरवडून परत बर्गरमध्येच. ७० रुपये. चेनवाल्यांनी सात जन्म घेतले तरी ती जाळी जमायची नाही.

हळद_मार्केट
बसायला जागा पाहिजे म्हणालाय तो. गाडीवर १४ पोरं कुठं बसवणार, डिव्हायडरवर?

शंभरफुटी
पोरं उभ्यानं खातात की. आपण काय एसीत बसून मोठं झालो काय?

निवृत्त_पण_भुकेला
१९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं तेव्हा मी मुंबईत नोकरीला होतो. पहिलं दुकान दिल्लीत वसंत विहारला, पाठोपाठ आपल्या वांद्र्याला. त्या रांगेत मी उभा राहिलेला माणूस आहे. मेन्यूत बीफ अजिबात नाही, असं त्यांचं जगात पहिल्यांदाच चाललं होतं. त्यांचा महाराजा मॅक बर्गर तेव्हा मटणाचा असायचा, चिकनचा नंतर झाला. हल्लीच्या पोरांना हे सांगून पटत नाही. तेव्हा माझं मत चेन. टापटीप असते, हात धुतलेले असतात, शाकाहारी आणि मांसाहारी कामाच्या जागा वेगळ्या असतात. गाडीवर काय असतं हे मी इथं लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

भाचेमामा
काका, माहिती एक नंबर. पण १४ पोरं २५०० मध्ये बसतील का तिथं?

निवृत्त_पण_भुकेला
बजेट थोडं वाढवा. वाढदिवस काय रोज येतो?

वखारभाग
अरे तो बजेटचं विचारतोय, तुम्ही वाढवायला सांगताय. हिशोब सरळ आहे. २५०० भागिले १४ म्हणजे माणशी १७८ रुपये. चेनमध्ये बर्गर, फ्राइज आणि कोल्ड्रिंक असा कॉम्बो घेतला की बहुतेक वेळा याच्या वर जातो. साधा आलू टिक्कीवाला घेतला तर बसतं. पण पोरं एकदा त्या स्क्रीनपुढं उभी राहिली की संपलं. एक डबल चीज म्हणणार, दुसऱ्याला आइस्क्रीम पाहिजे, तिसरा दुसऱ्याचं बघून. तिथं जाणारच असाल तर पोरं यायच्या आधी तुम्ही एकट्यानं ऑर्डर द्या, बिल फाडा, मग त्यांना आत घ्या.

बिलावर ५ टक्के जीएसटी धरा. सर्व्हिस चार्ज कुणी लावलाच तर काढायला सांगा, तो देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतं. लोकल दुकान कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, त्याच्या बिलावर तसं छापलेलं असतं. बरेच जण नुसत्या कागदावर आकडे लिहून वर '+ जीएसटी' लावतात, तिथं खुशाल विचारा.

शंभरफुटी
पिवळ्या बोर्डावर बिलच देत नाहीत, भानगडच नाही.

कृष्णाकाठची
दादा, मी जैन घरातली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथं सगळे चवीवर भांडतायत, तुमचा खरा प्रश्न ती तीन पोरं आहेत.

बटाटा नाही म्हटलं की आलू टिक्की गेली आणि फ्राइजही गेले. मेयोनीजची काळजी चेनमध्ये कमी, मॅकडोनाल्ड्सचं इथलं मेयोनीज बिनअंड्याचंच असतं. पण बिनअंड्याचं म्हणजे बिनलसणाचं नव्हे. पनीरच्या पॅटीला लावलेल्या मसाल्यात लसूण पावडर असू शकते, सॉसमध्ये कांदा असू शकतो, आणि काउंटरवरचा मुलगा 'जैन आहे' एवढं ऐकून वरचा कांदा काढून देतो. तेव्हा 'जैन' म्हणून थांबू नका. कांदा, लसूण, बटाटा अशी तिन्ही नावं घेऊन विचारा.

लोकलवाल्याकडं उलट गंमत. त्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो वेगळं करून देऊ शकतो, पण आधी एक विचारायचं: पॅटी स्वतः करता की पाकिटातली? पाकिटातली असेल तर पाकीट मागून मागचा भाग वाचा, बटाटा पहिल्या ओळीतच सापडतो. स्वतः करत असेल तर कच्च्या केळ्याची टिक्की करायला सांगा. आमच्याकडं घरी तीच होते, बटाट्याची आठवणही येत नाही. तवा वेगळा, तेल वेगळं, उलथनं वेगळं. एवढं जमत नसेल तर त्या पोरांसाठी वेगळं काहीतरी मागवा, पण त्यांना कोपऱ्यात बसवून केळी-वेफर्स देऊ नका. माझ्या लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला तेच व्हायचं.

भाचेमामा
ताई, लै उपकार. केळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं.

भडंगप्रेमी
चेनचं कौतुक करणाऱ्यांनी ऐका. विश्रामबागेतच एका ठिकाणी, नाव घेत नाही, बायकोनं व्हेज मागवला आणि आत चिकन. कागद व्हेजचा, आत चिकन! मॅनेजर येऊन 'सॉरी सर, फ्री कूपन देतो' म्हणाला. संकष्टी होती त्या दिवशी. कूपनचं काय पूजन करू?

आणि ते चीज? चीज नाहीच ते. नगरला मागं छापा पडला होता की.

वखारभाग
नगरचं अर्धंच सांगताय. एफडीएनं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं, तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानावर कारवाई केली, २०२४ च्या फेब्रुवारीत बातम्या आल्या, हे बरोबर. चीजऐवजी ॲनालॉग, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घातलेला पदार्थ, असा आक्षेप होता. कंपनीनं आम्ही खरंच चीज वापरतो म्हणून सांगितलं आणि तपासणीतही तसंच आल्याचं नंतर छापून आलं. उलट गाडीवर जी स्वस्त स्लाइस मिळते तिच्या पाकिटावर काय लिहिलंय ते कुणी बघितलंय?

शंभरफुटी
जाळीला बोलायचं नाही.

मिरजकर_पक्का
सांगलीकरांनो, बर्गर खायचा तर मिरजेला या. बस, एवढंच.

हळद_मार्केट
मिरजेला कुठं? पत्ता तरी द्या.

मिरजकर_पक्का
स्टेशनला उतरून कुणालाही विचारा.

गावभाग_जुना
मुळात बर्गर कशाला? वडापाव घ्या. जंबोकिंगनं २००१ मध्ये वडापावचीच चेन काढली आणि आता तेच बर्गर विकतायत. म्हणजे फिरून तिथंच. १४ पोरं गुणिले दोन वडे, ५०० रुपयांत पोटं फुटतील. आणि पाव नको, आपल्याकडं वडा खावा तो ब्रेडबरोबर.

निवृत्त_पण_भुकेला
ब्रेडबरोबर वडा ही कोल्हापूरची पद्धत. मुंबईत असं दिलं तर लोक हसतील.

गावभाग_जुना
हसू देत की. आम्ही काय मुंबईला चाललोय?

भाचेमामा
मंडळी, वड्यात बटाटा आहे. आणि पोरगं बर्गरच म्हणतंय.

कुपवाड_पाळी
मी लोकलमध्ये तेल बघतो. फ्रायरचं तेल काळं आणि वर फेस असेल तर तिथून उठायचं. एकाच तेलात किती तळायचं याला नियम आहे, त्यात पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, २०१८ पासून लागू आहे. चेनमध्ये तेल तपासतात, गाळतात. गाडीवाल्याकडं कसला मीटर. तो रंग बघतो, आपणही रंगच बघायचा. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर आहे का तेही बघा.

बाकी माझं मत, घरीच करा. बेकरीतनं बन, गाड्यावरनं काकडी-टोमॅटो. हजाराच्या आत उरकतं.

हळद_मार्केट
घरी केलं की भांडी कोण घासणार, तो मामा?

भडंगप्रेमी
एक सांगतो, त्या जिन्यावरच्या बर्गरवाल्याकडं मात्र जाऊ नका. पहिल्या मजल्यावरचं हो, खाली झेरॉक्सचं दुकान आहे ते. चव बरी आहे, पण वेळ! एका बर्गरला लोक घरी जाऊन जेवून येतात. मालक स्वतःच तळणार, स्वतःच भाजणार, स्वतःच गप्पा मारणार.

शंभरफुटी
+१. तिथं गेलात तर वाढदिवस दुसऱ्या दिवशी साजरा होईल.

कुपवाड_पाळी
त्याच्याकडं पंखाही खडखड करतो. पण पॅटी स्वतःची करतो, पाकिटातली नाही, हे खरं.

गावभाग_जुना
तो आधी मारुती रोडला होता, तळमजल्यावर. २०१९ च्या पुरात फ्रीज, फ्रायर, फर्निचर सगळं पाण्यात. तेव्हापासून तळमजल्यावर गाळा घेणार नाही म्हणतो. कष्टाळू माणूस आहे, नावं ठेवू नका.

भडंगप्रेमी
सहानुभूती आहेच हो, आमच्याही घरात पाणी होतं. पण भूक लागल्यावर पुराची गोष्ट ऐकत बसायची का?

वखारभाग
भाचेमामा, माझा सल्ला परत एकदा. चेन, साधा बर्गर, ऑर्डर आधी. जैन पोरांसाठी काय चालतं ते आदल्या दिवशी जाऊन विचारून या. ॲपवरून मागवायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच ठिकाणी ॲपवरचा दर दुकानातल्यापेक्षा जास्त असतो, वर पॅकिंग आणि डिलिव्हरी. शिवाय बन वाफ धरून मऊ पडतो.

मिरजकर_पक्का
मिरज.

भाचेमामा
सगळ्यांचे आभार. ठरवलंय. आता शिव्या द्या.

काल चेनमध्ये जाऊन आलो. काउंटरवरचा पोरगा नम्र होता, पण लसणाचं विचारल्यावर आत गेला, बाहेर आला, 'बहुतेक नाही' म्हणाला. बहुतेकवर मी दुसऱ्याची तीन पोरं घेऊन जाणार नाही. तिथून पिवळ्या बोर्डावर गेलो. शंभरफुटी, जाळी खरंच नाद खुळा आहे, पण पाऊस आला आणि आम्ही सगळे एका छत्रीखाली.

तर जिन्यावरच्याकडं बुक केलं. होय, तिथंच. कच्च्या केळ्याचं बोललो तर तो म्हणाला, 'पर्युषणात करतोच की मी', आणि वेगळा तवा काढून दाखवला. कृष्णाकाठची ताई, तुमची यादी वाचून दाखवली, उलथन्यासकट. माणशी १५०, बर्गर आणि कोकम सरबत, म्हणजे २१००. संध्याकाळी सातपर्यंत वरचा हॉल मोकळा असतो, पोरांनी कितीही दंगा केला तरी चालेल म्हणाला. ५०० ॲडव्हान्स दिलेत. उशीर करणार हे गृहीत धरून पोरांना पाचला बोलावलंय आणि उरलेल्या ४०० मध्ये आल्या आल्या भेळ. आईबापांना न्यायला साडेसातला या म्हणून सांगितलंय.

भाचा रुसलाय. त्याला चेनचाच पाहिजे होता, बर्गरबरोबर फुकट मिळणाऱ्या त्या खेळण्यासाठी.

शंभरफुटी
तिथं?! भोगा आता. आणि पाऊस वर्षभर नसतो.

भडंगप्रेमी
भेळ जास्त सांगून ठेवा. अनुभवाचे बोल.

कृष्णाकाठची
दादा, तवा वेगळा ते छान झालं. पण केळ्याच्या टिक्क्या तव्यावर भाजणार की तळणार? तळणार असेल तर कढईचं विचारलंत का? आणि हो, भेळेत कांदा-बटाटा असतो.

भाचेमामा
अरे देवा. भेळवाल्याला फोन लावतो. कढईचंही विचारतो.

निवृत्त_पण_भुकेला
खेळण्यासाठी पोर रुसलं असेल तर बजेट थोडं वाढवून

हळद_मार्केट
काका, बास.

स्टँडजवळचा
नमस्कार, पूर्ण धागा वाचायला वेळ मिळाला नाही. चेनमध्येच जा, पोरांना आलू टिक्की आणि फ्राइज आवडतात. किती पोरं आहेत आणि बजेट काय?