मालकाने नोकराचं व्हॉट्सॲप उघडून पाहावं का?

राळेगावकर:
आमच्या भागातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, या हंगामात नवीनच नियम निघाला. संध्याकाळी घरी निघताना वजनकाट्यावरच्या आणि ऑफिसातल्या पोरांनी मोबाईलचं लॉक उघडून दिवाणजींपुढे ठेवायचा. कारण काय, तर कापसाचा भाव बाहेर फुटतो. माझ्या चुलतभावाच्या मोबाईलमध्ये बायकोचे सोनोग्राफीचे रिपोर्ट होते. दिवाणजींनी तेही बोटाने सरकवत पाहिले. एकाने नकार दिला, त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून सांगितलं. पगार कामाचा देता ना? मग घरातलं का चाळता?

जिनिंगवाला:
भाऊ, एकच बाजू सांगून रायले तुमी. क्विंटलमागे पन्नास रुपयांचा फरक पडला तरी गाड्या दुसऱ्याच्या दारात जाते. रुईचे, सरकीचे सौदे याच पोराच्या मोबाईलवर. शेतकरी कापसाचा फोटो धाडते तोही त्याच्याच नंबरवर. माह्या धंद्याचं बोलणं मी पाहाचं नाही? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 7 वाचा. नोकरीच्या कामासाठी, मालकाचं नुकसान टाळासाठी माहिती वापरता येते, संमती न घेता.

तालुका कोर्टातली वकील:
कलम आहे, पण त्यावरून बायकोचे रिपोर्ट चाळता येत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम 6 मध्ये संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी असं आहे. नोकरी जाईल या धाकाने उघडलेलं लॉक ही कसली संमती? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला, तर आयटी कायद्याच्या 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
आपली खरी अडचण वेगळी आहे. खासगीपणा मूलभूत हक्क, हे सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 मध्ये सांगितलं. पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 2012 मध्ये सरळ कायदाच केला की मालकाने नोकराचा खासगी पासवर्ड मागायचा नाही. तिथे तुरुंगातल्या एका कर्मचाऱ्याकडे मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागितला होता, त्यावरून गाजलं. आपल्याकडे असा नेमका कायदा नाही, तो हवाच.

पतसंस्थेचा वसुलीवाला:
आमच्याकडे मॅनेजरला फेसबुकवर फ्रेंड करणं सक्तीचं. सोयाबीनच्या भावावर मोर्चाचा फोटो टाकला, दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं.

जिनिंगवाला:
रिपोर्ट पाहणं चूकच, ते मी मानतो. पण भाव फोडणारा धराचा कसा?

राळेगावकर:
फोडणारा मेसेज पुसून मगच दिवाणजींपुढे येतो, सापडतात ते बाकीचे. जिनिंगच्या नावाचं सिम घ्या, मोबाईल घ्या, सौदे त्यावरच करा. तो रात्री ऑफिसात कुलपात ठेवा आणि हवा तेवढा तपासा.

जिनिंगवाला:
सिम देतो. मंग खरेदीच्या वेळी पोरांचे मोबाईल दारावर जमा केले, तर चालन का?

राळेगावकर:
लॉक लावून पेटीत, तर चालेल. पण घरून काही निरोप आला तर ऑफिसच्या फोनवर लगेच कळला पाहिजे. आणि हे लेखी द्या.