कधीमधीच निघणाऱ्या गाडीची बॅटरी : तुमचे अनुभव लिहा

माझी दोन सीटांची जुनी माझदा एमएक्स-५. महिन्यातून एकदा निघते, तीही आभाळ मोकळं असलं तर. गेल्या रविवारी छप्पर मागे टाकलं, गॉगल चढवला, किल्ली फिरवली आणि पुढून नुसतं टक्-टक्-टक्. छप्पर परत ओढलं आणि घरात आले. चार वर्षांत ही तिसरी बॅटरी.

आजवर दर वेळी बॅटरी बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले. गाडी लॉक करून उभी असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर यांना करंट लागतोच. २० ते ५० मिलिअँपिअर म्हणजे नॉर्मल. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. माझी बॅटरी ४० अँपिअर-तासांची, म्हणजे १७ दिवसांत अर्धी रिकामी. शिवाय उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, जुना जोर येत नाही. थोडक्यात, माझ्या बॅटऱ्या चालून नाही, उभ्या उभ्या मेल्या.

ज्यांच्या दारात अशी लाडावलेली गाडी आहे त्यांनी लिहा. काय केलं, काय फसलं. फसलेलं आधी.

*

फसलेलं आधी म्हणताय, तर मीच पुढे होतो. दर रविवारी गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर सोडायचो. शेजारीपाजारी आवाज ऐकायचे, मीही खूश. दीड वर्षात बॅटरी गेली ती गेलीच, वर सायलेन्सर आतून गंजला.

कारण नंतर कळलं. जागेवर इंजिन मंद फिरतं तेव्हा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज करणारा) फारसं काही देत नाही. जे देतो त्यातलं बरंचसं पंखा आणि इंजिनची इलेक्ट्रॉनिक्सच खातात. त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शेवटचा २० टक्के भाग भरायला तासन् तास लागतात. दहा मिनिटांत सेल्फ मारताना गेलेलं भरून निघालं तरी पुष्कळ. आणि एक्झॉस्ट पुरता तापतच नसल्याने जळणातून निघालेलं पाणी आतच साचतं. आता चालू करतो तेव्हा निदान पाऊण तास रस्त्यावर नेतो, नाहीतर हात लावत नाही.

*

पोर्शाची ९११, ९९७ मालिकेतली. बॅटरी पुढच्या डिकीच्या झाकणाखाली. झाकण उघडतं विजेवर. वीज बॅटरीत. बॅटरी झाकणाखाली.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा गाडीपुढे उभा राहून हसलो, मग दहा मिनिटांनी हसू गेलं. तोडगा कंपनीनेच ठेवलेला आहे. दार साध्या किल्लीने उघडतं. ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूजची पेटी आहे, तिच्यात बाहेर ओढायचा एक पॉझिटिव्ह टर्मिनल आहे. दुसऱ्या बॅटरीची लाल वायर त्याला लावायची, काळी दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीला. मी मोटरसायकलची छोटी बॅटरी मांडीवर घेऊन बसलो होतो. वायर टेकली आणि अलार्म असा किंचाळला की बॅटरी मांडीवरून सुटायचीच बाकी होती. रिमोट दाबला, झाकण ‘खट्’ करून सुटलं. एवढाच त्या टर्मिनलचा उपयोग. तिथून इंजिन चालू करायला जाऊ नका, त्या वायरी त्यासाठी नाहीत.

अजून एक. ज्या दारांना काचेभोवती चौकट नसते, त्यांची काच दार उघडताना थोडी खाली सरकते. बॅटरी मेलेली असली की ती सरकत नाही, रबरात अडकते. दार हळू ओढा, आणि लावून घेऊच नका.

*

वरच्याला जोड म्हणून. कॉर्व्हेट सी-६ च्या दाराला किल्लीचं भोक नाही, आत-बाहेर दोन्हीकडे विजेची बटणं. माझा भाचा आत गाणी ऐकत बसला, बॅटरी बसली आणि काचेआडून हातवारे सुरू. सीटशेजारी खाली जमिनीलगत ओढायचा खटका असतो, तो त्याला बाहेरून खुणा करून सांगताना माझा घसा बसला. बाहेरून उघडायचं तर किल्लीचं भोक मागे, नंबर प्लेटच्या वर. तुमच्या गाडीत हे कुठे आहे ते आजच बघून ठेवा. आणि सुटी किल्ली गाडीत ठेवू नका (मी ठेवली होती).

*

जुना चार्जर विरुद्ध नवा चार्जर, यावर लिहितो. वडिलांचा लोखंडी पेटीतला चार्जर होता. लाल दिवा, एक काटा, बस. तो मी हिवाळाभर लावून ठेवला, कारण ‘थोडा थोडा करंट देतो, काय बिघडतंय’. चार महिन्यांनी बॅटरीची बुचं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं आणि वरच्या पत्र्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं. तो चार्जर थांबायचाच नाही. बॅटरी भरली तरी ढकलत राहायचा आणि पाणी वायू होऊन उडत राहायचं.

आताचे मेंटेनर (सतत लावून ठेवायचे चार्जर) आधी पूर्ण भरतात, मग १३.२ ते १३.६ व्होल्टवर येऊन नुसती राखण करतात. माझा सीटेकचा आहे, तिसरं वर्ष चालू आहे, बॅटरी तीच. साधी लेड-अ‍ॅसिड आणि एजीएम (अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली लेड-अ‍ॅसिडच) यांच्यासाठी वेगवेगळं बटण असतं, ते तेवढं बघून दाबा.

नव्या गाड्यांत काळा चिमटा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावू नका. तिथे बऱ्याचदा करंट मोजणारा सेन्सर असतो. चिमटा बॉडीच्या अर्थिंग पॉइंटला लावला तरच आत किती चार्ज गेला हे गाडीला कळतं.

*

मेंटेनर लावलेला असताना गाडी काढली. गेटपर्यंत वायर मागे आली, पुढे आली नाही. आता वायर स्टिअरिंगला गुंडाळून मगच प्लग लावतो.

*

दोन-दोन आठवड्यांत बॅटरी बसत असेल तर मेंटेनर घेण्याआधी करंटची गळती शोधा. मी तीन महिने मेंटेनरवर ढकलले आणि रोग लपवला.

शोधायची रीत: निगेटिव्ह वायर काढायची, मीटर १० अँपिअरवर ठेवून मधे जोडायचा. दार उघडं ठेवायचं, पण कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करायची म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. मग अर्धा तास गप्प बसायचं. हे अवघड आहे. सगळे मॉड्युल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपेपर्यंत आकडा मोठाच दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. माझा आकडा अर्ध्या तासानेही ३८० मिलिअँपिअरवर हलेना. मग एकेक फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. फ्यूज उपसले की झोपलेले मॉड्युल परत जागे होतात. एका फ्यूजवर आकडा दिसला. आधीच्या मालकाने सीटमागे अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता, त्याची वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीला. अ‍ॅम्प्लिफायर हाताला कोमट लागत होता. सहा महिने तो तिथे ऊब घेत बसला होता.

*

आमच्याकडे वेगळंच निघालं. गाडी किल्लीविना उघडणारी, आणि किल्ली टांगायची खुंटी भिंतीच्या अलीकडे, गाडीपासून हातभर. गाडी किल्लीला ओळखून दर थोड्या वेळाने जागी होत होती. किल्ली आतल्या खोलीत नेली, प्रश्न मिटला.

*

लिथियमवाल्यांपैकी कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून. पोर्शाने २०१० मध्ये ९११ जीटी३ साठी लिथियम-आयन बॅटरीचा पर्याय दिला. वजन ६ किलोपेक्षा कमी, नेहमीच्यापेक्षा १० किलोंहून हलकी. सोबत साधी बॅटरीही देत, कारण थंडीत लिथियम ढिली पडते. मी ते वाचूनच माझ्या ट्रॅक-डेच्या (रेस ट्रॅकवर पळवायच्या) गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली.

गंमत अशी की मीटरवर विश्वास ठेवता येत नाही. साधी बॅटरी १२.६-१२.७ ला भरलेली, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली की काळजी. लिथियम १३.२ दाखवते आणि दाखवतच राहते, मग एकदम कडा कोसळल्यासारखी खाली येते. जुन्या चार्जरचा ‘डिसल्फेशन’ (प्लेटांवरचं सल्फेट मोडायचा) मोड हिला विष, आणि शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. वजनासाठी घेणार असाल तर घ्या. विसरून जाण्यासाठी घेऊ नका.

*

गॅरेजमध्ये प्लग पॉइंटच नसेल तर? मी डॅशबोर्डवर सोलर पॅनेल ठेवलं, सिगारेट लायटरमध्ये खुपसलं. तीन आठवड्यांनी बॅटरी तशीच बसलेली. इग्निशन बंद केलं की माझ्या गाडीतलं ते सॉकेटही बंद होतं. तीन आठवडे सूर्य फुकट गेला.

शेवटी दहाचा पाना घेऊन बॅटरीची वायरच काढू लागलो. निगेटिव्ह आधी काढायची, जोडताना शेवटी. घड्याळ परत लावावं लागतं, काचांचं एका बोटात वर जाणं विसरतं, इंजिन पहिली काही मिनिटं चुकल्यासारखं चालतं. चालवून घेतो. थंड प्रदेशात मात्र काढण्याआधी बॅटरी पूर्ण भरा. उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पाण्यासारखं पातळ होतं, ते कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि डबा फुटतो.

*

धागा मीच काढला, म्हणून मीच सांगते पुढचं. मेंटेनर आणला, त्याची कायमची वायर टर्मिनलला बोल्टने लावायला डिकी उघडली. जुन्या एमएक्स-५ ची बॅटरी डिकीत असते, म्हणून चार्ज होताना निघणारा हायड्रोजन बाहेर न्यायला तिला नळी असते. माझी नळी सुटीच टूलकिटवर लोंबत होती. तिसरी बॅटरी बसवणाऱ्याने लावलीच नव्हती, आणि मी वर्षभर तिच्यावर सामान ठेवत होते.

नळी लावली. आज सकाळी मीटर १२.७. बाहेर पाऊस आहे.